दोघांसाठी कॅम्परव्हॅन: रेवस ते रेडी, सागरी मार्गाने तीन आठवडे (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीपलीकडे

नोव्हेंबरअखेर आम्ही दोघं रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहोत. रोजचा पल्ला छोटा, मुक्काम शक्यतो गाडीतच. गाडी ट्रॅव्हलर आहे, ३३५० मिमी व्हीलबेसची, आतून पूर्ण रिकामी. फॅब्रिकेटरने दिलेला आराखडा असा: छतावर एसी, मागच्या टोकाला १५० लिटरची पाण्याची टाकी, तिच्याच खाली चासीला लटकवलेली सांडपाण्याची टाकी, १५० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटऱ्या, घरगुती गॅस सिलिंडर आणि प्लायवूडचं फर्निचर.

काम सुरू व्हायच्या आधी जाणकारांनी आराखड्यातल्या चुका काढाव्यात. किनाऱ्यावरच्या वाटेसाठी काय बदलावं? फेरीबोटींवर ही गाडी नीट चढेल का?

---

भरतीओहोटी

फेरीबोटीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. मागची सांडपाण्याची टाकी.

या वाटेवर गाडी बोटीवर घालायची ठिकाणं चार: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. चारही ठिकाणी धक्क्याचा उतार पाण्यात जातो आणि बोटीची फळी त्यावर टेकते. ओहोटीला बोट खाली जाते, फळी आणि उतार यांच्यामध्ये खोलगट कोन तयार होतो आणि लांब शेपटीच्या गाडीचं बूड तिथेच घासतं.

हिशोब करून बघा. मागच्या चाकाच्या टेकणीपासून बंपरपर्यंत १.४ मीटर आणि बंपरखाली मोकळी जागा ३० सेंमी असेल, तर गाडी साधारण १२ अंशांचा कोन सोसते. तिथे टाकी लटकवून मोकळी जागा २० सेंमीवर आणली की उरतात जेमतेम ८ अंश. टाकी फुटली तर तिच्यातलं पाणी धक्क्यावर सांडेल, आणि ड्रेनचा कॉक सगळ्यात आधी तुटेल. म्हणून सांडपाण्याची टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये, चासीच्या आडव्या पट्ट्यांच्या वर घ्या. कॉक बाजूला, आतल्या अंगाला.

वेळ अर्ध्या भरतीची धरा. पूर्ण ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि मागची चाकं जागेवर फिरतात. उधाणाच्या पूर्ण भरतीला उतारावर खारं पाणी चढतं आणि ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचतं. दोन्ही टाळायचं.

वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हेच. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, खाडीत आत गेलात तर उशिरा. म्हणून रत्नागिरीच्या खाली पाऊणपटीवर विसंबू नका, त्या बंदराचा भरतीचा तक्ता बघा.

आणखी एक गोष्ट. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढून जातं. धक्क्यावर रांगेत असाल तर वीस मिनिटांत कोन बदललेला दिसेल. थोडं थांबणं हाच पुष्कळदा उपाय असतो.

सोबत दोन फूट लांबीच्या, दीड इंच जाडीच्या दोन फळ्या ठेवा. कोन खोल वाटला तर बोटीच्या फळीच्या टोकाशी मागच्या चाकांखाली घालायच्या. काही फेऱ्यांत रिव्हर्समध्ये चढावं किंवा उतरावं लागतं; एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि ड्रायव्हरने फक्त त्याच्याच हातवाऱ्यांकडे बघायचं. बोटीवर पहिला गिअर, हँडब्रेक, चाकाला अडसर आणि गॅसचा रेग्युलेटर बंद.

---

अँपिअर

विजेचं बघू. ट्युब्युलर बॅटऱ्या घरातल्या इन्व्हर्टरला चांगल्या. गाडीत प्रत्येकी ५० किलोच्या आसपास वजन, निम्म्याहून जास्त रिकामी केली की आयुष्य घटतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. झोपायच्या जागेखाली त्या नकोतच. त्याऐवजी लिथियम फेरोफॉस्फेटची १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची एकच बॅटरी घ्या. एकूण २५६० वॅट-अवर, त्यातले २००० निर्धास्त वापरता येतात आणि वजन २५ किलोच्या आसपास.

दोघांचा रोजचा खर्च असा धरा. ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, किनाऱ्यावरच्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो: ५०० ते ५५०. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, प्रत्येकी १४ वॅट, दहा तास: २८०. दिवे ५०. फोन, लॅपटॉप, कॅमेरा १५०. पाण्याचा पंप पंधरा-वीस. बेरीज १००० ते १०५०. म्हणजे बॅटरी एकट्याने दोन दिवस काढते.

भरायचं कसं? छतावर ४०० वॅटचं सौर पॅनेल लावलंत तर थंडीच्या दिवसांत उघड्यावर १२०० वॅट-अवर मिळतात. पण कोकणात गाडी उघड्यावर लावणार कोण? माडाखाली किंवा आंब्याखाली लावली की हेच उत्पन्न चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याखाली येतं. माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी मालिकेत जोडलेली सगळ्या पॅनेलांची वीज घटते, म्हणून पॅनेल समांतर जोडा. शिवाय १०० वॅटचं एक सुटं पॅनेल दहा मीटर वायरीसह ठेवा. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात.

खरा भरवसा डीसी-डीसी चार्जरवर, म्हणजे गाडी चालताना इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणाऱ्या चार्जरवर. ३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ३९० वॅट-अवर घालतो, म्हणजे दोन तास गाडी चालवली की पाऊण दिवसाची वीज. बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज वर-खाली करत राहतात, त्यामुळे नुसत्या रिलेने जोडलेली लिथियम बॅटरी कधी अर्धीच भरते, तर कधी अल्टरनेटरला जाळण्याइतकी ओढते. रिले नको.

वायरीत काटकसर करू नका. पुढून मागे पाच मीटर धरले तर जाऊन-येऊन दहा. ६ चौरस मिमीच्या वायरीत ३० अँपिअरला पाऊण व्होल्टहून जास्त गळती, १६ चौरस मिमीत एक तृतीयांश व्होल्ट. १६ चीच घाला, आणि तांब्यावर कथील चढवलेली. साधं तांबं इन्सुलेशनच्या आत दोन-दोन इंच काळं पडतं, बाहेरून काही दिसत नाही. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या (गाडीच्या आणि लिथियमच्या) टोकाशी, हातभर अंतराच्या आत.

---

खाडीपलीकडे

टाकी मध्ये घेतो, बॅटरीही बदलतो. एसीचं काय? नोव्हेंबरातही दुपारी गाडीचा पत्रा तापतोच. आणि रात्री दमट हवेत झोप कशी लागणार?

---

अँपिअर

बॅटरीवर एसी विसरा. छतावरचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, थांबत-चालत रात्रभरात चार-साडेचार हजार वॅट-अवर खातो आणि ३० किलोहून जास्त वजन डोक्यावर. तेवढं वजन वर गेलं की आरे-वारेसारख्या वळणांत गाडी झुलते.

तो पैसा छताच्या आतल्या उष्णतारोधकावर घाला. २५ मिमी जाडीचा बंद छिद्रांचा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून, मध्ये पोकळी न ठेवता. पोकळी राहिली की पहाटे तिथे दव धरतं आणि पत्रा आतून गंजतो. छतात मागच्या टोकाला १४ इंची उपसा पंखा, आणि पुढे, झोपताना डोक्याकडे येईल अशी खालची खिडकी. दोन्हींचं तोंड एकमेकांसमोर असलं तर अंगावरून वारा जातो. जाळी बारीक छिद्रांची घ्या, खाडीकाठची चिलटं साध्या मच्छरजाळीतून आत येतात.

एसी हवाच असेल तर सुटा ठेवा आणि जिथे १६ अँपिअरचा प्लग मिळेल तिथेच लावा. २.५ चौरस मिमीची तीन कोरची वीस मीटर केबल, पूर्ण उलगडून. रिळावर गुंडाळलेली राहिली तर आतली वेटोळी वितळतात. गाडीत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवा आणि प्लग जोडायच्या आधी अर्थिंग तपासा. खेड्यात तीन पिनांचा सॉकेट असतो, तिसरी पिन कशालाच जोडलेली नसते. हे जिवावरचं आहे, कारण ओल्या जमिनीवर उभं राहून तुम्ही पत्र्याच्या गाडीला हात लावणार.

---

जांभा

गंजाबद्दल कुणी बोललं नाही अजून.

मिठाचा एक गुण ध्यानात ठेवा: हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेलं मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता बहुतेक वेळा त्याच्या वर असते. म्हणजे पाऊस नसला, लाटांचा तुषार दिसला नाही, तरी गाडीचं बूड रोज रात्री खाऱ्या पाण्यात असल्यासारखंच. समुद्रापासून दोनशे मीटर आत, सुरूच्या किंवा माडांच्या आडोशाला मुक्काम केलात तर मिठाचा मारा पुष्कळ कमी होतो.

निघायच्या आधी चासीच्या पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्या. वरून फासलेलं डांबरी कोटिंग एकट्याने पुरत नाही. ते तडकलं की त्याच्या मागे पाणी अडकतं आणि आतल्या आत पत्रा खातं. दर तीन-चार दिवसांनी आणि प्रत्येक फेरीबोटीनंतर गोड्या पाण्याने बूड, चाकांच्या कमानी आणि ब्रेक धुवा. वीस लिटर पाणी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप पुरतो. प्रेशर वॉशर बेअरिंगांच्या सीलवर मारू नका.

सौर पॅनेलची ॲल्युमिनियम चौकट लोखंडी पत्र्यावर थेट स्क्रूने बसवली तर दोन धातूंच्या जोडावर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट घाला. बाहेरचे स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या, ३०४ ला किनाऱ्यावर तपकिरी डाग पडतात. प्लायवूड आयएस ७१० चा (मरीन प्लायवूडचा) शिक्का असलेलं, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी कडेनेच शिरतं.

वजन. काम झाल्यावर पाणी, डिझेल, सामान आणि दोघं आत बसून गाडी काट्यावर घाला. एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची. आरसी बुकातल्या एकूण वजनापेक्षा किमान १५० किलो कमी भरायला हवं, कारण वाटेत सामान वाढतंच. १५० लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, तेही मागच्या चाकाच्या मागे! पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या उतारावर स्टिअरिंग ऐकत नाही. टाकी १०० लिटरची करा आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे घ्या.

---

परसदार

पाण्याचं मी सांगते. दोघांना काटकसरीने दिवसाला २० ते २५ लिटर लागतं, त्यात दोघांची तांब्याने आंघोळ आली. १०० लिटरला चार दिवस. एवढ्यात कोणाच्या ना कोणाच्या विहिरीशी किंवा नळाशी पोचताच. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ठेवा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं आणि आकडा खूपच कमी दिसतो. खाडीलगत तो एकदम हजाराकडे गेला तर विहिरीत खार शिरलाय असं समजा आणि ते पाणी टाकीत घेऊ नका. आकडा चांगला आला तरी जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही, प्यायचं पाणी उकळूनच. एप्रिल-मे महिन्यांत कातळावरच्या गावांत पाणी मागायला जाऊ नका, तिथे घरच्यांनाच पुरत नाही.

टाकीला भरायच्या तोंडाशी गाळणी, पंपाच्या आधी दुसरी गाळणी. पंपाच्या डायफ्रामखाली वाळूचा कण अडकला की पंप थांबत नाही, रात्रभर घरघरतो आणि बॅटरी खातो. झोपताना पंपाचा स्विच बंद.

शौचालय कॅसेटचं (खालची टाकी काढून रिकामी करता येते असं) घ्या, २० लिटरचं. दोघांना तीन दिवस. आतलं औषध एन्झाइमचं असावं; फॉर्मल्डिहाइडचं औषध सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि ज्यांनी आपल्याला जागा दिली त्यांचाच टँक तुंबतो. रिकामं करायचं ते विचारून, त्यांच्या संडासात, वर दोन बादल्या पाणी ओतून. खाडीत, समुद्रात, बागेत कधीच नाही. भांड्यांचं साबणाचं पाणी टाकीत साठवायचं आणि शोषखड्ड्यात सोडायचं. पोफळीच्या आळ्यात सोडू का, असं विचारलंत तर आग्रहाखातर कोणी हो म्हणेल, पण सोडू नये.

गॅस: १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर गाडीत नको. ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं आणि तीन आठवड्यांना पुरतं. ते उभंच ठेवायचं, पट्ट्याने बांधून, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. गळतीचा अलार्मही जमिनीलगत लावा, छताला लावून उपयोग नाही. गाडीच्या धक्क्यांनी नळीचा जोड सैल होतो, दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने तपासा.

---

अँपिअर

गॅसला थोडा विरोध. २००० वॅटचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर १२०० वॅटची इंडक्शन शेगडी पंधरा मिनिटांत ३०० वॅट-अवर खाते. डाळ-भात कुकरला एवढं पुरतं. आत ज्योत नाही, वाफ कमी.

---

परसदार

डाळ-भाताला पुरेल. पण मासळी तळायला, भाकरीला, दोनदा चहाला? रोजचे हजार वॅट-अवर तुम्हीच वर मोजलेत, त्यात हे सहाशे-सातशे घातले तर ढगाळ दिवशी फ्रिज बंद करावा लागेल. कुकर इंडक्शनवर, बाकी गॅसवर, आणि तळण गाडीच्या बाहेर, मागचं दार उघडून. तेलाची वाफ उष्णतारोधकात बसली की वास जात नाही.

---

सुरूचं बन

मुक्कामाच्या जागा. पुळणीवर गाडी न्यायची नाही, हे पहिलं. ओली कठीण वाळू भरतीरेषेच्या खाली असते, म्हणजे ती सहा तासांत पाण्याखाली जाणार. कोरडी वाळू वर असते आणि तिच्यात तीन टनांची गाडी ॲक्सलपर्यंत रुतते. बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनांना बंदीही आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकांखाली घरटी दबतात, आणि पिल्लं निघण्याच्या दिवसांत गाडीच्या समुद्राकडच्या बाजूला पांढरा दिवा असला तर ती उजेडाकडे, म्हणजे उलट जमिनीकडे चालत सुटतात. त्या बाजूचे पडदे लावा आणि बाहेरचा दिवा बंद ठेवा.

किनाऱ्यालगतच्या मऊ रस्त्यावर चुकून रुतलातच तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरवलं की खड्डा खोल होतो. हवा निम्म्यापर्यंत कमी करा, चाकांच्या पुढची वाळू उपसा, त्याच फळ्या खाली घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. ओढून काढायचं तर दोरी चासीच्या कडीला, बंपरला नाही. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरावर वेग घेऊ नका. म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवाच.

हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली इथे एमटीडीसीची निवासं आहेत, आवारात गाडी लावून वीज-पाणी मिळेल का ते आधी फोनवर विचारा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण प्रत्येक ठिकाणी तशी सोय असेल असं धरून निघू नका. एरवी घरगुती खानावळी आणि होमस्टे उत्तम. दोन वेळचं जेवण तिथे घ्या, अंगणात गाडी लावू द्या म्हणून विचारा, बहुतेक नाही म्हणत नाहीत. आत शिरायच्या आधी पायी जाऊन बघा: दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) रुंदी, वरच्या वायरी, आणि वळायला जागा. माडाच्या नेमक्या खाली गाडी लावू नका, नारळाने पॅनेलची काच फुटते.

---

खाडीपलीकडे

फार मोलाचं आहे हे सगळं. कागदपत्रांचं काय करावं लागेल? आणि टप्पे कसे पाडावेत?

---

जांभा

आसनं काढून पलंग-ओटा बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या, नंतर आरसीत नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. नोंद नसेल तर अपघाताचा दावा अडतो. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असल्याने हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

---

भरतीओहोटी

टप्पे. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर, पण सरासरी वेग तासाला २५ धरा. दिवसाला ४० ते ५० किलोमीटर पुष्कळ झाले.

पहिला आठवडा: अलिबाग, रेवदंड्याच्या पुलावरून काशीद, मुरुड, मग आगरदांड्याची जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट), दिवेआगर, शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. शेखाडीचा रस्ता समुद्राला लागून, देखणा आहे आणि अरुंद. सकाळी लवकर काढा. दुसरा आठवडा: वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे. या आठवड्यात तीन बोटी आहेत, म्हणून तो अष्टमीच्या आसपास येईल असा बेत करा. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याचा चढ-उतार कमी आणि धक्क्याचा कोन दिवसभर बरा. तिसरा: रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. इथे सगळे पूल.

बोट बंद असली तर पर्याय माहीत हवा. तवसाळ-जयगडला राई-भातगावचा पूल सोयीचा आहे. दाभोळला मात्र चिपळूणवरून मोठा वळसा, सगळा दिवस जातो.

उतारांवर दुसरा गिअर, ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. जळका वास आला की थांबा, अर्धा तास, पाणी न ओतता; तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं की ती वाकते.

---

परसदार

औषधांबद्दल थोडं. कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो, रंग जांभ्यात मिसळून जातो. रात्री टॉर्च आणि बूट असल्याशिवाय खाली उतरू नका, बाहेर काढलेले बूट सकाळी झटकून घाला. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव हलवू न देता १०८ ला फोन आणि थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. विंचवाचंही तसंच, घाम सुटून हातपाय गार पडायला लागले तर वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून या दंशाने जाणारे जीव वाचतात, पण औषध वेळेत मिळालं तर. प्रत्येक मुक्कामाला पोचल्यावर जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे ते दोघांनीही बघून ठेवा. आणि गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे.

---

खाडीपलीकडे

ठरलं तर: एसी रद्द, पाणी १०० लिटर ॲक्सलच्या पुढे, सांडपाणी मध्ये, २०० ची लिथियम, ५ किलोचा गॅस. आरटीओत अर्ज आधी देतो. शेवटचा प्रश्न, रेडीहून परत घरी, चिपळूणला कसं यावं? तेरेखोलची बोट घेऊन गोवा बघून यायचा विचार आहे.

---

भरतीओहोटी

तेरेखोल–केरी बोटीवर मोटारी जातात, पण ट्रॅव्हलरएवढी गाडी घेतील का ते धक्क्यावर आधी विचारा, तिथे उतरणीला वळायला जागा कमी आहे. नाहीतर शिरोड्यावरून आरोंदा, किरणपाणीचा पूल, तिथून गोव्यात. परतताना सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, राजापूर, हातखंबा असं महामार्गाने चिपळूण. आंबोली घाटाचा मोह होईल. भरलेल्या गाडीने जायचं तर पाण्याची टाकी पायथ्याशी रिकामी करून चढा. घरी पोचल्यावर पहिल्या दिवशीच बूड धुवा, टाक्यांचे कॉक आणि सगळे कप्पे उघडे ठेवा, आणि लिथियम बॅटरी निम्मी भरलेली ठेवून मुख्य स्विच काढा.